काबूलचे पाणी पाकिस्तानच्या मापाने मोजू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीस येऊन गेले. त्या भेटीत प्रसृत झालेल्या संयुक्त निवेदनात हेरात प्रांतातील सलमा धरणाच्या उभारणीबद्दल व देखभालीबद्दल भारताचे आभार मानण्यात आले आणि पाण्याचे शाश्वत व्यवस्थापन व जलविद्युत प्रकल्प यांत सहकार्य करण्याचे उभय पक्षांनी ठरवले. काबूलमधील आपल्या तांत्रिक मंडळाला पुन्हा दूतावासाचा दर्जाही मिळाला. त्याच सुमारास कुनार नदीवर शक्य तितक्या लवकर धरण बांधावे, असा आदेश तालिबानच्या सर्वोच्च नेत्याने दिल्याची बातमी आली आणि आपल्याकडे वाहिन्यांवर, समाजमाध्यमांवर व काही अंशी वृत्तपत्रांतही एकच सूर लागला. पूर्वेकडून भारताने सिंधू करार स्थगित केला आहे, पश्चिमेकडून अफगाणिस्तान पाणी अडवणार, तेव्हा पाकिस्तानची दोन्ही बाजूंनी कोंडी होणार, असा तो सूर होता. या साऱ्या चर्चेत काबूल शहरात राहणारा आणि आपल्या मिळकतीतला मोठा भाग पाण्यावर खर्च करणारा माणूस मला कुठेही दिसला नाही. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे धरणाची बातमी आली की त्या धरणाचे पाणी कोण पिणार, हा प्रश्न मला आधी पडतो. तो प्रश्न मराठी वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काबूलची लोकसंख्या २००१ साली दहा लाखांच्या आत होती. आज ती साठ लाखांच्या घरात आहे. युद्धामुळे खेडी सोडून आलेले, पाकिस्तान व इराणमधून परतलेले किंवा परत पाठवलेले आणि दुष्काळाने उठलेले असे सगळे लोक याच एका शहराच्या आश्रयाला आले. शहराला बारमाही भरवशाचा मोठा जलाशय नाही आणि नळाचे जाळे शहराच्या थोड्या भागापुरतेच आहे. बाकी सारी भिस्त भूजलावर आहे. मर्सी कोअर या मदतसंस्थेने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार गेल्या दहा वर्षांत शहराखालची भूजलपातळी २५ ते ३० मीटरने खाली गेली आहे. दरवर्षी जमिनीत जेवढे पाणी मुरते त्यापेक्षा सुमारे ४.४ कोटी घनमीटर अधिक पाणी उपसले जाते, विंधन विहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या आहेत आणि जे भूजल उरले आहे त्यातले ८० टक्क्यांपर्यंत पाणी सांडपाणी, क्षार व आर्सेनिक यांमुळे पिण्यास असुरक्षित आहे. काही कुटुंबे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम पाण्यावर खर्च करतात आणि दोनतृतीयांशाहून अधिक कुटुंबांनी पाण्यापायी कर्ज काढले आहे. उपसा असाच चालला तर २०३० पर्यंत शहराखालचे पाणी संपू शकते, असा इशारा या अहवालात आहे.

यातला ४.४ कोटी घनमीटरचा आकडा मी मुद्दाम आपल्या मापात बसवून पाहिला. तो दीड टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जरासा अधिक भरतो. खडकवासला धरण एकदा पूर्ण भरले की त्यात साधारण दोन टीएमसी पाणी मावते; म्हणजे साठ लाख वस्तीच्या एका राजधानीची वार्षिक भूजलतूट खडकवासल्याच्या एका भरण्याहूनही कमी आहे. एकटे पुणे शहर वर्षाकाठी याच्या दहापटीहून अधिक पाणी वापरते. अर्थात, ही तूट एवढी लहान दिसते याचे कारण तिथली माणसे मुळातच फार थोड्या पाण्यात भागवतात, आणि नुसती तूट भरून काढली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. पण काबूलची तहान ही निसर्गाने लादलेली अटळ गोष्ट आहे, असे जे मानले जाते ते या एका हिशेबापुढे टिकत नाही. एवढे पाणी आणणे, शुद्ध करणे आणि घरोघर पोचवणे हे आजच्या स्थापत्यशास्त्राला अवघड नाही. ते होऊ शकले नाही याची कारणे युद्धात आणि राजकारणात आहेत.

काबूल सोन्यावाचून राहो, पण बर्फावाचून न राहो, अशी तिथली जुनी म्हण आहे. वर्षाचे पर्जन्यमान आपल्या माणदेशापेक्षाही कमी, त्यातला मोठा वाटा हिवाळ्यात हिंदुकुशावर बर्फाच्या रूपाने पडायचा, वसंतात ते हळूहळू वितळायचे आणि नद्यांना व विहिरींना उन्हाळाभर पुरायचे, हा त्या मुलखाचा शतकानुशतकांचा क्रम होता. आता बर्फ कमी पडते आणि लवकर वितळते. पाणी एकदम पुराच्या रूपाने येते आणि जमिनीत मुरायला वेळ न मिळता निघून जाते. ते धरून ठेवण्याची जी जुनी व्यवस्था होती तीही मोडली. अफगाणिस्तानच्या दक्षिण व पूर्व भागांत कारेझ नावाचे भूमिगत कालवे डोंगरपायथ्याचे पाणी उताराने गावापर्यंत आणत. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खोदवलेली नहर याच तंत्राच्या कुळातली आहे, त्यामुळे मराठवाड्यातल्या वाचकाला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. कारेझ दरवर्षी उपसावे लागतात, त्यांचा गाळ काढणारे कुशल कारागीर लागतात आणि पाण्याची पाळी ठरवणारा मिराब लागतो. आपल्याकडच्या फड पद्धतीत जो अधिकार पाटकऱ्याला असतो तसाच अधिकार तिकडे त्याला असतो. चाळीस वर्षांच्या युद्धात कारागीर विखुरले, कारेझ ढासळले आणि ज्याला परवडले त्याने विंधन विहीर घेतली. विंधन विहिरींनी पाणी खाली नेल्यावर उरलेले कारेझही कोरडे पडले. शहरात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. ज्याच्याकडे पैसा, त्याची विहीर अधिक खोल. शेजाऱ्याने मग टँकरची वाट पाहायची. मराठवाड्यात उन्हाळ्यात जे पाहायला मिळते ते काबूलच्या अनेक वस्त्यांत बारा महिने चालू असते.

मदत आलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जर्मनीच्या विकास बँकेने युरोपीय संस्थांसह लोगर खोऱ्यातील भूजल काबूलच्या काही भागांना पोचवण्याची योजना हाती घेतली होती. वर्षाला सुमारे ४.४ कोटी घनमीटर पाणी देऊ शकणाऱ्या या योजनेचा पहिला टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये सरकार कोसळले तेव्हा दोनतृतीयांश पूर्ण झाला होता, आणि ती तशीच थांबली. आकडा पुन्हा वाचावा, कारण शहराची वार्षिक भूजलतूटही जवळजवळ तेवढीच आहे. पंजशीर नदीचे पाणी नळाने काबूलपर्यंत आणण्याच्या दुसऱ्या योजनेचा आराखडा तयार झाला. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चाची आणि वीस लाख लोकांना पाणी देऊ शकणारी ही योजना २०२५ मध्येही पैशाची वाट पाहत होती. संपूर्ण देशातील पाणी व स्वच्छतेच्या कामांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने २६.४ कोटी डॉलरची गरज नोंदवली होती. २०२५ च्या आरंभी हाती आले होते ८४ लाख डॉलर. पाणी व स्वच्छतेसाठीचे तीनेक अब्ज डॉलर २०२१ पासून गोठलेले आहेत. दोनतृतीयांश झालेले काम सोडून देणे किती महाग पडते हे कुठल्याही बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता सांगू शकेल. टाकलेले नळ गंजतात, पंप निकामी होतात, शिकवलेली माणसे देश सोडून जातात आणि दहा वर्षांनी पुन्हा पहिल्या कुदळीपासून सुरुवात करावी लागते.

या यादीत तिसरे नाव भारताचे आहे, आणि माझा मुख्य मुद्दा त्याच्याशी निगडित आहे. काबूलच्या नैर्ऋत्येस चार आसियाब जिल्ह्यात लालंदर येथे, काबूल नदीची उपनदी असलेल्या मैदान नदीवर शहतूत धरण बांधून द्यायचे आपण कबूल केले. नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाणिस्तानविषयक जिनिव्हा परिषदेत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ही घोषणा केली आणि ९ फेब्रुवारी २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी व राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांच्या दूरदृश्य उपस्थितीत सामंजस्य करारावर सह्या झाल्या. काबूलमधल्या वीस लाख रहिवाशांना पिण्याचे सुरक्षित पाणी मिळावे, जवळच्या शेतीला ते मिळावे आणि पूरनियंत्रण व्हावे, हे या धरणाचे उद्देश होते. सहा महिन्यांत तालिबानने काबूल घेतले. आपण दूतावास बंद करून माणसे परत आणली. त्या दिवसांत ते करणे भागच होते. परंतु दूतावास परत उघडला जातो तेव्हा त्याच्या दारातून दिलेला शब्दही परत आत आला पाहिजे, आणि तो शब्द वीस लाख माणसांच्या पिण्याच्या पाण्याचा होता.

आता पाकिस्तानच्या कोंडीच्या चर्चेकडे वळतो. सिंधू करार स्थगित ठेवण्याचा निर्णय योग्य की अयोग्य, हा या पत्राचा विषय नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर तो घेतला गेला आणि त्याची मीमांसा करणारे जाणकार पुष्कळ आहेत. माझे म्हणणे इतकेच आहे की शहतूतला त्या प्रकरणात ओढणे आकड्यांच्या दृष्टीने निरर्थक आहे आणि काबूलच्या दृष्टीने घातक आहे. शहतूतचा नियोजित साठा सुमारे १४.७ कोटी घनमीटर, म्हणजे पाच टीएमसीच्या आसपास आहे. आपल्या पानशेतच्या निम्म्याने. काबूल नदी अफगाणिस्तानातून पाकिस्तानात शिरून अटकजवळ सिंधूला मिळते, त्या नदीचा वार्षिक प्रवाह ढोबळमानाने दोन हजार कोटी घनमीटर आहे. म्हणजे शहतूत काठोकाठ भरून एकही थेंब पुढे सोडला नाही, तरी तो साठा एक टक्क्याच्या आतच राहील. शिवाय शहराला दिलेल्या पाण्याचा मोठा भाग सांडपाण्याच्या रूपाने त्याच खोऱ्यात परत येतो. एवढ्याशा साठ्याने पेशावर, चारसद्दा आणि नौशेराची शेती वाळवता येईल असे ज्यांना वाटते त्यांनी नकाशा आणि आकडे दोन्ही पाहिलेले नाहीत. काबूल नदीत खरे पाणी येते ते पंजशीर व कुनार या नद्यांचे. कुनारची गोष्ट वेगळी आहे, कारण ती पाकिस्तानातल्या चित्रालमधून अफगाणिस्तानात येते, जलालाबादजवळ काबूल नदीला मिळते आणि पुन्हा पाकिस्तानात जाते. त्या नदीवर पाकिस्तान वरच्या अंगालाही आहे आणि खालच्या अंगालाही. तिथे मोठे बांधकाम करायचे तर ते दोन्ही देशांत समजुतीनेच होऊ शकते. ही दोन प्रकरणे एकाच वाक्यात गुंफली की शहतूतचे निरुपद्रवी पिण्याचे पाणी कुनारच्या वादात बुडते.

घातक अशासाठी की धरणाला युद्धाचे हत्यार म्हटले की ते युद्धाचे लक्ष्यही ठरते. सलमा धरणाच्या पहारेकऱ्यांवर हल्ले झाले आणि त्यांत अफगाण पहारेकरी मारले गेले, हे आपण विसरू नये. दुसरे असे की आंतरराष्ट्रीय नदीवरच्या कामाला पैसा देताना खालच्या अंगाच्या देशाला रीतसर कल्पना दिली आहे ना, हे जागतिक बँकेसारख्या संस्था पाहतात. ज्या प्रकल्पाविषयी त्याचा दाताच शेजाऱ्याची कोंडी करण्याची भाषा बोलतो, त्याच्या जवळपास कोणी अन्य देश किंवा बँक फिरकणार नाही. धरण भारताने बांधले तरी शुद्धीकरण केंद्रे आणि शहरभरचे नळ यांसाठी इतरांचा हात लागणारच आहे. आपल्याकडे स्टुडिओत बसून उच्चारलेल्या एकेका वाक्याची किंमत काबूलमध्ये अशी मोजली जाते.

सलमा धरणाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. १९७६ मध्ये आरंभ झालेले, १९८८ मध्ये आपल्या वापकॉस कंपनीने हाती घेतलेले आणि यादवीमुळे सोडावे लागलेले हे काम भारताने पुन्हा उचलले आणि ४ जून २०१६ रोजी चिश्त-ए-शरीफ येथे त्याचे उद्घाटन झाले. यंत्रसामग्री समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला, तिथून बाराशे किलोमीटर रस्त्याने इस्लाम किल्ला या सीमेवरच्या ठाण्यापर्यंत आणि पुढे आणखी तीनशे किलोमीटर धरणस्थळी न्यावी लागली. सुमारे १,७७५ कोटी रुपये खर्चून ४२ मेगावॉट वीज आणि ७५ हजार हेक्टर शेतीला पाणी देणारे, साधारण २२ टीएमसी साठवणक्षमतेचे हे धरण उभे राहिले. अशा दुर्गम, असुरक्षित जागी भारतीय व अफगाण अभियंत्यांनी आणि मजुरांनी केलेल्या या कामापुढे व्यवसायबंधू म्हणून मी नतमस्तक आहे.

पण या अभिमानाबरोबर एक गोष्ट आपल्याकडे कधी सांगितली जात नाही. हरिरूद नदी सलमापासून हेरातकडे जाते, पुढे अफगाणिस्तान व इराण यांची आणि नंतर इराण व तुर्कमेनिस्तान यांची सीमा होते. तिथे इराण व तुर्कमेनिस्तान यांनी २००५ मध्ये बांधलेले आणखी एक धरण आहे. सलमाचे अधिकृत नाव अफगाण-भारत मैत्री धरण, आणि या धरणाचेही नाव दोस्ती. मशहद या इराणमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला त्यातून पिण्याचे पाणी जाते. सलमात पाणी अडल्यावर खालच्या जलाशयात येणारे पाणी घटले, अशी इराणची तक्रार आहे. त्या घटीत दुष्काळाचा वाटा किती आणि सलमाचा किती यावर वाद घालता येईल. पण वाद सोडवायला दोन्ही देशांत हरिरूदच्या पाणीवाटपाचा करारच नाही. जे धरण हेरातच्या शेतकऱ्याला जगवते त्याच्यामुळे मशहदच्या घरांत पाणी कमी आले, तर त्या तहानेची काही जबाबदारी बांधून देणाऱ्यावरही येते. मला वाटते, सलमाबरोबरच खालच्या अंगाला टंचाईच्या वर्षी किती पाणी सोडायचे हे ठरवून घेण्याचा आग्रह भारताने धरायला हवा होता. इराणशी आपले संबंध त्या वेळी चांगले होते, अफगाणिस्तानशी होतेच. अशी मध्यस्थी करण्याच्या स्थितीत दुसरा देश क्वचितच असेल. शहतूतच्या वेळी ही उणीव राहू नये, आणि म्हणूनच पाकिस्तानला त्या धरणाचा साठा, भरण्याचा काळ आणि सोडण्याचे वेळापत्रक आधी कळवावे, असे मी म्हणतो. काहींना हे रुचणार नाही. परंतु लपवण्यासारखे ज्यात काही नाही ते उघड केल्याने आपले नुकसान होत नाही, आणि काबूलच्या पाण्यावरचा संशय मात्र कमी होतो.

नुसता करार असूनही भागत नाही, याचे उदाहरण त्याच देशात आहे. हेलमंद नदीविषयी अफगाणिस्तान व इराण यांच्यात १९७३ मध्ये करार झाला. सामान्य वर्षी इराणला सेकंदाला २२ घनमीटर आणि सद्भावनेपोटी आणखी ४ घनमीटर पाणी द्यायचे ठरले, आणि वर्ष सामान्य आहे की नाही हे देहरावूद येथील मापन केंद्रावरून ठरवायचे होते. पन्नास वर्षांनी, मे २०२३ मध्ये, याच पाण्यावरून तापलेल्या वातावरणात दोन्ही देशांच्या सीमारक्षकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. नदीत पाणी आहे पण सोडत नाहीत, असे एक बाजू म्हणते आणि मुळात पाणीच नाही, असे दुसरी म्हणते. दोघांनी मिळून वाचायची मोजपट्टी नसेल तर कराराचा कागद भांडणाला आणखी एक निमित्त होतो.

मोजमापाचा हा प्रश्न सर्वसामान्य वाचकाला रुक्ष वाटेल, पण युद्धातून उठणाऱ्या देशात पाण्याचे कुठलेही काम इथेच अडते. धरणाची उंची, सांडव्याची रुंदी आणि कालव्याची क्षमता ठरवायला नदीच्या प्रवाहाच्या तीस-चाळीस वर्षांच्या सलग नोंदी लागतात. अफगाणिस्तानात १९८० च्या सुमारास नोंदी घेणे बंद पडले आणि ते पुन्हा सुरू व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. नेमक्या याच काळात हवामान बदलले आणि बर्फाचा हिशेब पालटला. म्हणजे आज तिथे जो अभियंता संकल्पन करतो त्याला आजोबांच्या काळातल्या नदीचे आकडे आणि अलीकडच्या थोड्या वर्षांचे आकडे यांवर काम भागवावे लागते. धरणाला दगड-सिमेंट देण्यापूर्वी खोऱ्याखोऱ्यांत प्रवाहमापक व बर्फमापक बसवून देणे आणि त्यांची देखभाल करणारी माणसे तयार करणे, ही मदत दिसायला लहान आहे आणि तिचे उद्घाटन करायला कोणी मंत्री जाणार नाही. पण तिच्यावाचून पुढचे काही भक्कम होत नाही.

इथे महाराष्ट्र बरेच काही करू शकतो. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था शंभराहून अधिक वर्षे धरणांच्या व नद्यांच्या प्रतिकृतींवर अभ्यास करीत आहे, जवळच राष्ट्रीय जल अकादमीत अभियंत्यांचे प्रशिक्षण चालते, आणि १९७२ च्या दुष्काळात जन्मलेल्या आपल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवण्याचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. दुसरीकडे, गेली अनेक वर्षे अफगाण विद्यार्थी पुण्यात मोठ्या संख्येने शिकत आले आहेत. काहींनी इथे पदव्या घेतल्या आणि देशात सरकारी पदांवर काम केले. २०२१ नंतर काहींना परतता आले नाही, काहींना पुन्हा येता आले नाही. या तरुण-तरुणींसाठी जलविज्ञान, भूजल व नगर पाणीपुरवठा या विषयांच्या राखीव शिष्यवृत्त्या ठेवाव्यात आणि त्यातही मुलींना प्राधान्य द्यावे. तालिबानने मुलींची माध्यमिक शिक्षणाची दारे बंद केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचीही. इथे किंवा अन्य देशांत असलेल्या अफगाण मुली उद्या त्या देशाच्या पाण्याची गणिते मांडतील, तर ती मदत कुठल्याही धरणाइतकीच टिकाऊ ठरेल.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा येईल की, ज्या राजवटीने स्त्रियांना शाळा, नोकरी आणि सार्वजनिक जीवन यांतून हुसकून लावले तिला धरण बांधून देणे म्हणजे तिचे हात बळकट करणे नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. मदतसंस्थांमध्ये स्त्रियांनी काम करण्यावर बंदी आल्याने पाण्याच्या कामांचेही थेट नुकसान झाले आहे. घरात शिरून बाईशी बोलून पाण्याची खरी गरज नोंदवणारी स्त्री कर्मचारी नसेल तर नळ कुठे हवा हेच समजत नाही. तरीही पाणी रोखल्याने त्या राजवटीचे काही बिघडत नाही, कारण खोल विहीर खणायला तिच्याकडे पैसा आणि बंदुका दोन्ही आहेत. कॅन घेऊन रांगेत उभी राहतात ती मुले आणि बायका. शाळेच्या वेळात पाणी भरायला गेलेल्या मुलाचे शिक्षण तालिबानच्या हुकमावाचूनही बुडते. म्हणून पाण्याचे काम राजकीय मान्यतेच्या प्रश्नापासून वेगळे ठेवावे, पैसा सरकारी खजिन्यात न घालता कामावर आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत खर्च करावा आणि पाहणीत व देखरेखीत स्त्री कर्मचारी असतील ही अट सोडू नये. या अटीवर घासाघीस होईल, काम काही काळ अडेलही. पण अट घालणारा देश प्रत्यक्ष काम करायला तयार असेल तरच तिला वजन येते.

लालंदरच्या खोऱ्यातल्या कुटुंबांविषयीही बोलायला हवे. धरण झाले तर त्यांची घरे, जर्दाळूच्या बागा आणि कबरस्ताने पाण्याखाली जातील. कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न धरणाला साठ वर्षे होऊन गेली तरी ज्या राज्यात आंदोलनाने मांडावे लागतात, त्या राज्यातल्या माणसाने हे सांगितलेच पाहिजे. जिथे न्यायालय, वृत्तपत्र आणि मोर्चा यांपैकी कशाचाच आधार नाही तिथे विस्थापितांच्या बाजूने बोलणारा एकच घटक उरतो, तो म्हणजे पैसा देणारा देश. पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पखर्चात धरावा आणि तो आधी व्हावा, हे भारतानेच लिहून घ्यावे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. शहतूत आज सुरू केले तरी त्याचे पाणी नळाला यायला बरीच वर्षे लागतील. २०३० त्याआधी येऊन जाईल. तोवर शहर तग धरायचे असेल तर हिवाळ्याचे व वसंताचे पाणी शहराच्या वरच्या अंगाला बंधारे व पुनर्भरण विहिरींतून मुरवणे, थांबलेल्या लोगर योजनेच्या पहिल्या टप्प्याचा उरलेला तृतीयांश पुरा करणे, जुन्या नळांची गळती काढणे आणि वस्त्यांमध्ये लहान शुद्धीकरण संच बसवणे ही कामे लगेच हाती घेता येतात. अफगाणिस्तानच्या सर्व ३४ प्रांतांत मिळून भारताने चारशेहून अधिक लहानमोठी कामे केली आहेत. त्यांतल्या अनेक छोट्या कामांनी लोकांच्या मनात जो विश्वास निर्माण केला तो अजून टिकून असल्याचे तिथून येणारे सांगतात. लोगरचे काम जर्मनीचे होते म्हणून आपण हात लावू नये असे काही नाही. उलट, जर्मनीने नळ, भारताने पंप आणि युनिसेफने देखरेख अशी विभागणी झाली तर कुणा एका देशाचा राजकीय शिक्का त्या पाण्यावर बसणार नाही.

संसदेच्या येत्या अधिवेशनात महाराष्ट्राच्या खासदारांपैकी कोणी तरी परराष्ट्र मंत्रालयाला व जलशक्ती मंत्रालयाला पुढील गोष्टी विचाराव्यात, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. ९ फेब्रुवारी २०२१ च्या सामंजस्य करारानंतर शहतूतचे सर्वेक्षण व संकल्पन कुठवर आले आणि ते कागद आज कोणाकडे आहेत? ऑक्टोबर २०२५ च्या निवेदनातील सहकार्यात काबूलच्या पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे की ते सारे वीज व शेतीपुरतेच आहे? लोगर आणि पंजशीरच्या थांबलेल्या योजनांबाबत संबंधित देशांशी व बँकांशी भारताने बोलणी सुरू केली आहेत काय? आणि खालच्या अंगाच्या देशाला धरणाची माहिती देण्याबाबत सरकारचे धोरण काय आहे? उत्तरे लेखी मिळावीत आणि ती आपण छापावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता, पुणे